मुलींचं घर आणि पाहुण्यांची रीघ

१८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेजच्या सिस्टर्सकडे राहत होत्या. हवापालटासाठी म्हणून त्यांना सिस्टर्सच्या लंडनमधल्या शाखेत पाठवण्यात आलं. फुलम इथे या सिस्टर्स समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी आश्रयगृह चालवत. रमाबाईंनी ते काम पाहिलं. एके काळी त्याच घरात आसरा घेतलेल्या काही जणी त्यांना तिथे भेटल्या, आणि आता त्या आजाऱ्यांची, अपंगांची सेवा करत होत्या. अशा बायकांसाठी कोणी काही करतं, हे रमाबाईंनी आपल्या देशात पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलंही नव्हतं. त्या परतल्या आणि त्यांनी एक प्रश्न विचारला, तोही सिस्टरना: या बायकांची काळजी घ्यावी असं तुम्हाला का वाटतं? उत्तरादाखल सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पुढे केडगावात रमाबाईंनी ‘कृपा सदन’ काढलं, तेव्हा त्याच्या मुळाशी फुलमची ती भेट होती.

मिशनच्या आश्रयगृहाला दिलेल्या भेटींचा इतिहास आपण नेहमी उलट्या दिशेने वाचतो: गोरे लोक आले, आपल्या मुली पाहून गेले. इथे एक मराठी बाई इंग्लंडमधलं घर पाहायला जाते आणि ते पाहून तिचं सगळं आयुष्य बदलतं. त्यामुळे ‘बाहेरच्यांनी अशा घरांत पाऊलच टाकू नये’ असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं त्या प्रश्नाच्या दिशेबद्दल आहे. रमाबाईंनी प्रश्न विचारला तो घर चालवणाऱ्यांना. आजच्या बहुतेक भेटींत प्रश्न विचारला जातो तो मुलीला, आणि उत्तर देण्याची जबाबदारीही तिच्यावरच पडते: तू कुठली, तुझ्यावर काय गुदरलं, आता इथे बरं वाटतं ना? ज्या भेटीमुळे घर मुलीला उत्तर द्यायला बांधलं जातं, ती भेट चांगली. ज्या भेटीत मुलगी पाहुण्याला उत्तर द्यायला बांधली जाते, ती कितीही प्रेमाने केलेली असली तरी बंद व्हायला हवी.

एका जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या मुलींच्या बालगृहातली एक दुपार सांगते. परदेशातल्या एका चर्चचा गट तीन वाजता यायचा होता. सकाळी दहापासून मुलींच्या वेण्या घालणं चाललं होतं. दोन वेण्या, लाल रिबिनी, ठेवणीतले फ्रॉक. सहामाही परीक्षा तोंडावर होती. नववीतली एक मुलगी सतरंजीवर रांगेत बसली होती आणि विज्ञानाचं पुस्तक मांडीखाली सरकवून मधूनच त्याचं पान उलटत होती. गट आला तो पावणेपाचला. सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे, हातांत कंपास-पेट्या आणि बाहुल्यांच्या पिशव्या. मुलींनी इंग्रजी स्वागतगीत म्हटलं; ते आधीच्या वर्षी आलेल्या गटानेच शिकवलेलं होतं. मग घर चालवणाऱ्या मॅडमनी एका सहावीतल्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, ‘हिचं लग्न लावत होते. मंडपातून आणलीय.’ त्याचं भाषांतर झालं. एका पाहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने पुढे होऊन मुलीला पोटाशी धरलं. तिचे अश्रू खरे होते, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मुलगी मात्र दोन्ही हात सरळ खाली सोडून उभी होती आणि नजर पायाच्या अंगठ्यावर. भोवती पंचवीस-तीस माणसं होती, त्यांतली निम्मी फोन हातात धरून.

त्या मुलीबद्दल आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो, हे तिथल्या एकाही पाहुण्याला ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. मॅडमना मात्र ठाऊक असायला हवं होतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ सांगतं की अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ज्यावरून ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसारमाध्यमांतून वा संपर्काच्या कुठल्याही साधनातून उघड करता येणार नाही. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या संध्याकाळी गटातल्या कुणीतरी त्या मिठीचा फोटो घरी पाठवला असेल, तर कायद्याने तो गुन्हा ठरू शकला असता. पाठवला नसेल, तरी तिची सगळी हकीकत तिच्याच देखत, तिला न विचारता, अनोळखी माणसांना सांगून झालेली होती. आई-बापांनी तिचं लग्न ठरवताना तिला विचारलं नव्हतं. तिला वाचवणाऱ्यांनीही विचारलं नाही.

हे फक्त परदेशी मिशनच्या गटांचं आहे, असं समजून आपल्याला सुटका करून घेता येणार नाही. आपल्याकडे मुलाचा पहिला वाढदिवस बालगृहात साजरा करायची पद्धत पडली आहे. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात फराळाचे बॉक्स घेऊन कंपन्यांचे कर्मचारी येतात, बॅनरसह फोटो काढतात आणि अहवालात लावतात. कॉलेजचे गट येतात. महिला मंडळं येतात. एखाद्या नगरसेवकाच्या वाढदिवसाला वह्या वाटल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मुलींचे चेहरे स्पष्ट दिसतात. यात ख्रिस्ती, हिंदू, निधर्मी असा काही भेद नाही. आपण दिलं, आपल्याला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं एखाद्या मुलीच्या चेहऱ्यावर उमटलेलं आपल्याला पाहायचं असतं.

यातून मुलीचं नेमकं काय बिघडतं? रुमेनियाची राजधानी बुखारेस्ट इथे २००० साली अमेरिकी संशोधकांनी संस्थांमध्ये वाढणाऱ्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. निम्मी मुलं कुटुंबांत वाढवायला दिली, निम्मी होती तिथेच राहिली, आणि दोन्ही गटांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. त्यात एक लक्षण पुन्हा पुन्हा दिसलं: संस्थेत वाढलेलं मूल अनोळखी माणसालाही पटकन चिकटतं, त्याचा हात धरून चालू लागतं. पाहुण्यांना हे फार गोड वाटतं. ‘किती प्रेमळ मुली आहेत, पाच मिनिटांत गळ्यात पडल्या!’ पण ज्या मुलीच्या आयुष्यात कायमचं असं एकही माणूस नाही, ती कुणालाच परकं मानायचं शिकलेली नसते. ज्या मुली आधीच फसवल्या गेल्या आहेत, विकल्या गेल्या आहेत, ओळखीच्याच माणसाने ज्यांचा घात केला आहे, त्यांच्यासाठी ही सवय जीवघेणी ठरू शकते. चार दिवसांनी परत जाणारा प्रत्येक गट ती सवय आणखी पक्की करून जातो.

पैशाचा प्रश्न मात्र खरा आहे. तो झटकून टाकणाऱ्यांनी एखाद्या संस्थेचा महिन्याचा हिशेब कधी पाहिलेला नसावा. सरकारी अनुदान येतं ते उशिरा, आणि पुरत नाही. मॅडम म्हणतात, ‘बाई, देणारा आल्याशिवाय देत नाही. त्याला मुली दाखवाव्याच लागतात.’ मॅडम वाईट नाहीत. किराणावाल्याची थकबाकी त्यांच्या डोक्यावर आहे.

तरीही देणाऱ्याला मुली दाखवाव्याच लागतात, हे खरं नाही. त्याचा मोठा दाखला आपल्याच इतिहासात आहे. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला म्हणून रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तिथे राहिल्या. तिथे त्यांनी ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे पुस्तक लिहिलं, गावोगावी व्याख्यानं दिली, आणि १८८७ च्या अखेरीस बॉस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली. तिने भारतातल्या एका विधवागृहाला दहा वर्षं पैसा पुरवायचं वचन दिलं. तेव्हा ते घर अस्तित्वातही नव्हतं. अमेरिकेतल्या छोट्या-मोठ्या शहरांत ‘रमाबाई सर्कल’ नावाची मंडळं निघाली आणि त्यातल्या बायका वर्षाला ठरावीक वर्गणी पाठवू लागल्या. त्यांतल्या बहुतेकींनी आयुष्यात एकही हिंदू विधवा पाहिली नव्हती. रमाबाईंनी त्यांना व्यवस्था समजावून सांगितली: बालविवाह कसा होतो, नवरा गेल्यावर मुलीचं काय होतं, तिला शिकवलं तर ती आपल्या पायांवर कशी उभी राहील. त्या भरवशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झालं, आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. तिथेच शिकलेल्या गोदूबाईंशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला.

त्याच वर्षी शारदा सदनावर वादळ उठलं. घर धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असं ठरलं होतं. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसत. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. या वादाच्या काळात बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या कार्यकारी समितीच्या प्रमुख ज्युडिथ अँड्र्यूज स्वतः भारतात आल्या. पैसा आपण देतो, तेव्हा जे ठरलं होतं ते पाळलं जातंय का, हे पाहणं त्यांचं काम होतं. अशा भेटीला मी मनापासून मान देते. देणाऱ्याने प्रवासाचा खर्च करायचाच असेल, तर तो घर चालवणाऱ्याला जाब विचारण्यासाठी करावा.

रमाबाईंच्या कामातही पुढे पाहुण्यांची ओढ शिरलीच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. सरकारी मदत-छावण्यांभोवती मुली पळवणारे कसे घिरट्या घालत होते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि शेकडो मुली केडगावला आणल्या. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या माणसांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. मग १९०५ मध्ये तिथे धार्मिक चैतन्याची लाट आली. मुली रात्र रात्र प्रार्थना करत, रडत, देहभान विसरत. मिनी एब्रम्स या अमेरिकी मिशनरी बाईंनी त्यावर पुस्तिका लिहिली, ती पार चिलीपर्यंत पोचली, आणि तिथल्या पेंटेकोस्टल चळवळीला तिच्यातून ठिणगी मिळाली. हा जगाच्या धर्मेतिहासातला मोठा अध्याय आहे, त्याचं महत्त्व कमी करायचं मला कारण नाही. पण या मुली पाच-आठ वर्षांपूर्वी भुकेने मरायला टेकलेल्या होत्या. त्यांचं रडणं दूरदेशी पुरावा म्हणून वाचलं जात होतं, आणि आपल्या रडण्याला कोण कसला अर्थ देतंय, हे सांगायची किंवा नाकारायची सोय त्यांच्यापैकी कुणालाही नव्हती.

त्याच केडगावात पाहुण्याने पाहावं असं दुसरंही पुष्कळ होतं. मुली शेती करत, विणकाम करत, तेलाचा घाणा चालवत, दुधाचं काम पाहत. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं जाई. आणि छापखाना होता. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर या मुलींनी खिळे जुळवून छापलं. दुष्काळातून उचलून आणलेली मुलगी खिळे जुळवणारी कारागीर होते, यात घराच्या यशाचा सगळा पुरावा आला. त्या पुराव्यासाठी तिला आपली आपबीती सांगावी लागत नाही.

आपबीतीची मागणी वाढली की पुरवठा तयार होतो, हे आपण पाहिलं आहे. कंबोडियात मुलींची सुटका करणारं म्हणून जगभर नावाजलेलं सोमाली माम यांचं काम २०१४ मध्ये ‘न्यूजवीक’च्या लेखाने हादरलं. कॅमेऱ्यासमोर सांगण्याच्या हकीकती मुलींना पढवल्या गेल्याचा आरोप झाला. माम यांनी आरोप नाकारले, पण आपल्याच नावाचं फाउंडेशन त्यांना सोडावं लागलं आणि त्याच वर्षी ते बंद पडलं. कोण किती दोषी, याच्या खोलात मी जात नाही. मला त्यामागची ओढ दिसते. साधी, खरी, अर्धवट आठवणारी, मधेच गप्प होणारी मुलगी पाहुण्याला पुरत नाही. त्याला सुरुवात, मध्य आणि सुटका असलेली गोष्ट हवी असते.

आणि फक्त गोष्टींचंच नव्हे, मुलांचंही असंच होतं. नेपाळात बहुसंख्य बालगृहं काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवरच्या भागांत दाटलेली आहेत. खेड्यातल्या आई-बापांना शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं तिथे आणली जातात आणि कागदोपत्री अनाथ ठरवली जातात. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ मध्ये अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीला आधुनिक गुलामगिरी मानण्याची शिफारस केली. कारण त्या अनाथालयांत जाऊन ‘सेवा’ करणाऱ्यांत ऑस्ट्रेलियन शाळांचे, चर्चचे आणि विद्यापीठांचे गट होते. तिथल्या चर्चच्या काही मंडळींनी याची दखल घेऊन आपल्या सहली थांबवल्या आणि तो पैसा मुलांना घरी पाठवण्याच्या कामाकडे वळवला. श्रद्धेशी प्रामाणिक राहूनच त्यांनी हे केलं, हे मला विशेष वाटतं.

आता एक आक्षेप असा, की तो मला स्वतःला सर्वांत जास्त छळतो. दारं बंद केली तर आत काय चाललंय हे कोण पाहणार? बिहारमधल्या मुझफ्फरपूरचं बालिकागृह सरकारी अनुदानावर चालत होतं. तिथल्या मुलींवर जे अत्याचार होत होते ते २०१८ मध्ये उघडकीला आले, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटामुळे. या गटाने राज्यभरातल्या ११० संस्थांची सामाजिक तपासणी केली होती. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने चालकासह १९ जणांना दोषी ठरवलं. आपल्याकडे पनवेलच्या कळंबोलीतलं बालगृह प्रकरणही २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीमुळेच बाहेर आलं. म्हणजे बाहेरचं माणूस आत गेलं म्हणूनच मुली वाचल्या. हे शंभर टक्के खरं आहे.

पण ‘कोशिश’ची माणसं आत गेली ती कशी, हे पाहा. स्वागतगीत नाही, भेटवस्तू नाहीत, फोटो नाहीत. ती मुलींशी चालकांच्या नजरेआड बोलली. मुलगी बोलली तर ऐकलं, गप्प राहिली तर तेही नोंदवलं. मुलींना त्यांच्यासमोर आनंदी दिसण्याची गरज नव्हती. रिबिनी लावून रांगेत बसवलेल्या मुलींसमोर शंभर गट येऊन गेले तरी असलं काही उघडकीला येणार नाही, कारण ती भेट चालकानेच मांडलेली असते. उलट ‘आमच्याकडे परदेशातून पाहुणे येतात’ ही चालकाची ढाल होते.

बाल न्याय कायद्याने यासाठी वाट करून ठेवलेली आहे. कलम ५४ प्रमाणे तपासणी समितीने प्रत्येक संस्थेला तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यायची असते. समितीत किमान तीन माणसं, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी. नियमांत मुलांच्या स्वतःच्या समित्यांची तरतूद आहे. ज्या मिशनला, ज्या कंपनीला, ज्या मंडळाला खरोखर काळजी आहे, त्यांनी देणगी देण्याआधी संस्थेकडे या भेटींचे अहवाल मागावेत. शेवटची तपासणी कधी झाली, डॉक्टर सोबत होते का, मुलींच्या समितीने शेवटची तक्रार कोणती केली आणि तिचं काय झालं? न्हाणीघराला आतून कडी आहे का? रात्री मोठ्या खोलीच्या किल्ल्या कोणाकडे असतात? मुलगी आईला फोन करते तेव्हा शेजारी कोण उभं असतं? हे सगळं ऑफिसात बसून विचारता येतं. त्यासाठी एकाही मुलीची झोपमोड व्हायला नको, की अभ्यास बुडायला नको.

प्रार्थनेचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण मिशनच्या भेटीचा तो गाभा आहे. पाहुणे मुलीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. त्यांच्या मनात तिच्या भल्याशिवाय काही नसतं. पण त्या मुलीला ‘नको’ म्हणता येतं का, एवढंच मला पाहायचं आहे. तिची गादी, तिचं ताट, तिची शाळेची फी या माणसांच्या खुशीवर चालते, हे तिला कळतं. अशा मुलीची मान हलली तर त्याला होकार म्हणता येत नाही. हिंदू संस्थेत आरतीला उभं राहायला लावलेल्या मुस्लीम मुलीबद्दलही मी हेच म्हणेन. रमाबाईंच्या उघड्या दारावरून सव्वाशेहून अधिक वर्षं वाद चालला आहे. त्या दारातून जाणाऱ्या मुलीला न जाण्याचीही तितकीच मोकळीक होती का, यावर त्याचा निकाल लागतो, आणि तो बॉस्टनमधून किंवा ‘केसरी’च्या कचेरीतून लागणार नव्हता. त्या मुलींना कोणी विचारल्याचं वादात फारसं दिसत नाही.

या सगळ्या भेटींमध्ये एका दिवशी कोणीच येत नाही. मुलगी अठरा वर्षांची होते, तो दिवस. त्या दिवशी तिला असलेला बालगृहाचा कायदेशीर आधार संपतो. कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेबाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय सांगितली आहे, पण तिथवर पोचणाऱ्या मुली थोड्या. बाकीच्यांतल्या कित्येक जणी जिथून सुटल्या त्याच घरी, त्याच मामाच्या किंवा सावत्र बापाच्या दारात परत उभ्या राहतात. किंवा हाताला लागेल ते स्थळ पाहून त्यांचं लग्न लावून दिलं जातं, आणि तेही संस्थेच्या कामगिरीत मोजलं जातं. या मुलीला हवं असतं ते असं: आधार कार्डावर बरोबर जन्मतारीख, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेत तिच्या एकटीच्या नावावरचं खातं, नर्सिंगच्या किंवा आयटीआयच्या पहिल्या वर्षाची फी, शहरात एका खोलीचं डिपॉझिट, आणि भाडेकरारावर सही करणारं, रात्री अकरा वाजता फोन उचलणारं एक मोठं माणूस. पुण्यात, नाशकात, नागपुरात असं माणूस व्हायला विमानाचं तिकीट लागत नाही. परदेशातल्या ज्या चर्चना मुलींसाठी काही करायचंच आहे, त्यांनी एका गटाच्या प्रवासखर्चाचे पैसे एखाद्या संस्थेच्या अनुरक्षण निधीत तीन वर्षांच्या लेखी वचनाने टाकावेत. मोबदल्यात फोटो मागू नयेत, आणि वर्षाच्या शेवटी एवढंच विचारावं, की अठरा पूर्ण झालेल्या किती जणी बाहेर पडल्या आणि त्यातल्या किती जणींचा आजचा पत्ता तुम्हाला माहीत आहे.